पाटीपाटीने चढलेली माती

मृगाच्या आधी माळवदावर माती टाकायची, हे मराठवाड्यातल्या जुन्या घरांचं दरसालचं काम. गेल्या पावसात कुठं गळलं होतं ते घरातल्या बाईच्या बरोबर ध्यानात असायचं. ती खालून बोट दाखवायची आणि वर चढलेला माणूस त्या जागी दोन पाट्या पांढरी माती ओतून, पाणी शिंपडून, चोपून घ्यायचा. गळती थांबली की पुढच्या मिरगापर्यंत कुणी वर पाहत नसे.

ती माती पांढरीच का, यालाही कारण आहे. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण, ही आपल्याकडची जुनी विभागणी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. शेताला ती सोन्यासारखी, पण छतावर घातली तर पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यातून आभाळ दिसेल. पांढरी चोपली की बसते, पाणी फारसं आत घेत नाही, पनाळीतून बाहेर सोडते. ही माती बहुतेक वेळा एखाद्या जुन्या, उठून गेलेल्या वस्तीच्या टेकाडावरून आणलेली असे. म्हणजे कुणाच्या तरी पणजोबांच्या पडलेल्या भिंती पणतूच्या डोक्यावर छत होऊन येत. धाराशिवजवळच्या तेरला अशाच पांढरीच्या टेकाडांत सातवाहनांच्या काळातल्या वस्तू सापडल्या. मातीचं घर पडलं की त्याचा राडारोडा उरत नाही. उरते ती पुन्हा घर बांधता येईल अशी मातीच.

माळवदाचं घर साधं दिसतं, पण त्यात पुष्कळ अक्कल खर्ची पडलेली असते. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर फळ्या किंवा किलचनं, त्यांवर पाला आणि सगळ्यांत वर माती. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर किती मोठं हे खणांतच सांगतात. भिंती शेतातून वेचलेल्या काळ्या दगडाच्या, सांध्यात चिखल. दोन फूट जाडीची भिंत तर सर्रास, काही ठिकाणी चार-पाच फुटांचीसुद्धा. छताला मध्ये साणं ठेवायचं, म्हणजे खालच्या काळोखात उजेडाची एक तिरीप उतरते आणि चुलीचा धूर वर जातो. वर सपाट माळवद असतं. पापड-कुरडया वाळवायला आणि उन्हाळ्यात अंथरूण टाकायला दुसरी इतकी सोयीची जागा घरात नाही. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन असताना आतल्या सोप्यात सारवलेल्या जमिनीवर पाठ टेकली की अंगाचा दाह उतरतो. दगड, माती, लाकूड, पाला, सगळं पंचक्रोशीतलं. विकत फारसं काही नाही, विजेचं तर काहीच नाही. परवडणारं आणि निसर्गाला धरून असलेलं घर कसं असावं यावर आज परिषदा भरतात. त्यांना हवं ते बरंचसं इथं होतं.

तरी या घरात एक जीवघेणी खोट होती आणि ती वर्षानुवर्षांच्या त्या दोन पाट्यांत लपलेली होती. माती चढत राहिली, उतरली कधीच नाही. आजोबांनी टाकलेल्या थरावर वडिलांनी टाकली, वडिलांच्या थरावर मुलाने. होता होता कित्येक माळवदांवर दीड-दोन फुटांचा थर साचला.

हे ओझं किती होतं? तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद अशी लहानशी खोली घेऊ. तिच्यावर अर्धा मीटर माती. कोरड्या चोपलेल्या मातीचा एक घनमीटर सोळाशे किलोच्या आसपास भरतो. म्हणजे त्या एका खोलीवर साडेचार घनमीटर माती, सात हजार दोनशे किलो. त्यात लाकडाचं वजन धरलेलं नाही. पावसाळ्यात माती ओल धरते, तेव्हा हा आकडा आणखी वाढतो. भरलेल्या मालट्रकचं ओझं डोक्यावर घेऊन घर झोपत होतं.

खाली दाबणारं वजन जाड भिंती आणि खांब बिनतक्रार पेलतात. शंभर वर्षं पेलत आले होते. पण भूकंपात जमीन मुख्यतः आडवी हलते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डोक्यावर रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हिसका बसला तर तो सावरतो. तीच घागर काठोकाठ भरलेली असेल तर तो कोलमडतो. हिसका तोच असतो, पण वस्तू जितकी जड तितका तिच्यावरचा आडवा जोर जास्त. जमिनीच्या हलण्याचा वेग ज्या झपाट्याने बदलतो तो गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाइतका असला, तर त्या सात टन मातीवर जवळजवळ दीड टनाचा आडवा रेटा येतो. तो एकदा या बाजूने, लगेच त्या बाजूने. आणि त्यात भिंतींचं स्वतःचं वजन वेगळं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी हा रेटा आला. गणेशविसर्जन उरकून दमलेली गावं गाढ झोपेत होती. लातूरच्या औसा तालुक्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. हजारो माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात दरवर्षी असे कितीतरी भूकंप होतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमीसुद्धा होत नाही. इथे मात्र त्याचं केंद्र जमिनीपासून फार खोल नव्हतं आणि वरची घरं अशी होती. दख्खनचा हा खडक स्थिर समजला जाई. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. आदल्या वर्षी किल्लारीला लहान धक्के जाणवले होते, लोक घाबरलेही होते, पण घरांचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. २००२ साली नकाशा बदलला आणि हा टापू तिसऱ्या क्षेत्रात गेला.

आता भिंतीकडे येऊ, कारण माळवदाइतकीच भिंतही दोषी होती. बाहेरून दोन फुटांची अखंड दिसणारी ती भिंत मुळात दोन पातळ भिंती होत्या. बाहेरच्या अंगाला एक रांग, आतल्या अंगाला दुसरी आणि मधल्या पोकळीत चिपा, बारीक गोटे, चिखल. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा, या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. शेतातले दगड गोलसर आणि चिखलाची पकड ती किती! जमीन हलल्यावर मधला भराव खाली बसू लागला, त्याने दोन्ही रांगांना बाहेर ढकललं, भिंतीचं पोट फुगलं आणि ती उभी चिरली. अर्धी अंगणात गेली, अर्धी अंथरुणावर आली. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नव्हत्या, तिथं त्या आधी सुटल्या.

पण त्याच ढिगाऱ्यांत काही ठिकाणी लाकडी सांगाडा उभा होता. भिंती कोसळल्या, मात्र खांब-तुळयांचा खण जागेवर आणि वरचं माळवदही त्यावर तोललेलं. जिथे छताचं ओझं खांबांवर होतं आणि सुताराने सांधे नीट केले होते, तिथे खाली झोपलेल्यांना वाचायची संधी मिळाली. जिथे लाकूड वाचवायला तुळया थेट भिंतीत खोचल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छतही आलं. गावकुसाकडच्या गरिबांच्या झोपड्यांवर गवताचं किंवा पत्र्याचं हलकं छप्पर होतं. त्यांच्यात जीवितहानी कमी झाली. दगडी वाडा पडला आणि कुडाचं खोपटं राहिलं, हे त्या पहाटेने दाखवलं. पुढे २००१च्या भूकंपात कच्छमधल्या गोल मातीच्या भुंग्यांनीही तेच दाखवलं. गोल भिंतीला कोपरेच नसतात, त्यामुळे सुटायला जागा नाही, आणि वर हलकं गवती छप्पर. मातीला आणि दगडाला मी दोष देत नाही. ते कसे रचले आणि डोक्यावर किती घेतले, तिथे चूक झाली.

लोकांनी मात्र दुसराच निष्कर्ष काढला आणि त्यांना बोल कोण लावणार? ज्या दगडांखालून आपली माणसं काढली ते दगड पुन्हा भिंतीत बघायची कुणाची छाती होती? दगड-माती नको, सिमेंट हवं, असं सगळ्यांनी एकमुखाने म्हटलं. बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. जमीन नसलेल्यांना किंवा अगदी थोडी असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. आखीव चौकोनी प्लॉट, सरळ रुंद रस्ते. ही घरं मजबूत होती, लवकर उभी राहिली, आणि ज्यांनी ती उभारली त्यांचे उपकारच आहेत. पण गल्लीत एकमेकांना टेकून बसलेली घरं विखुरली. माणसाच्या अंगावर सावली धरणारी अरुंद बोळं गेली. अंगण, गोठा, कणगी ठेवायची खोली, हत्यारं टांगायचा सोपा, यांचा विचार नकाशात फारसा नव्हता. म्हणून पुढच्या काही वर्षांत लोकांनी स्वतःच भिंती जोडल्या, आडोसे काढले. कितीतरी ठिकाणी ही वाढीव कामं पुन्हा त्याच जुन्या रीतीने, आरपार दगड न घालता झाली. रीत कुणी शिकवली नाही, तर माणूस हाताला येते तीच करतो.

आणि उन्हाळा! चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब दुपारी तापतो आणि दोन-तीन तासांत ती उष्णता खाली सोडू लागतो. म्हणजे संध्याकाळी माणूस घरात येतो तेव्हा छत त्याच्यावर निखाऱ्यासारखं धगधगत असतं. दोन फुटांच्या दगड-मातीतून तीच उष्णता आत पोचायला दहा-बारा तास किंवा जास्तच लागतात. तोवर बाहेर पहाट झालेली असते आणि भिंत उलट बाजूने थंड व्हायला लागलेली असते. पातळ घराची ही धग मग पंख्याने, कूलरने भागवायची. ज्या भागात प्यायलाच पाणी टँकरने येतं तिथे कूलरमध्ये काय ओतायचं?

सिमेंटचाही हिशेब आहे. चुनखडीचा दगड भट्टीत साधारण चौदाशे पन्नास अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्याला इंधन लागतं आणि शिवाय तो दगडच आपल्यातला कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगभरात माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो. मी सिमेंटच्या विरोधात नाही. योग्य जागी घातलेली चार पोती घरातल्या सगळ्यांचे जीव वाचवू शकतात. चाळीस पोत्यांची गरज असतेच असं नाही, एवढंच म्हणणं.

ही चार पोती कुठे घालायची, ते सांगणारा दुसरा कार्यक्रम किल्लारीनंतरच झाला होता आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसनात नव्या गावांच्या पलीकडे आणखी एक मोठं काम होतं. तेरा जिल्ह्यांतली दोन लाखांच्या आसपास घरं, जी पडली नव्हती पण तडकली होती, ती जागेवरच दुरुस्त करून भक्कम करायची. राजेंद्र आणि रूपल देसाई या अभियंता-वास्तुतज्ज्ञ दांपत्याने त्या काळात लातूर भागात दगडी भिंतीत आरपार टाका घालायची जी रीत करून दाखवली, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

रीत अशी. उभ्या भिंतीतून पहारीने हलक्या हाताने एकेक दगड सोडवत, हात जाईल एवढं भोक या अंगापासून त्या अंगापर्यंत पाडायचं. ठोकाठोक करायची नाही, नाहीतर चिखलाची पकड जाते. त्या भोकात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली एक सळई ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीट दाबून भरायचं. आठ-दहा दिवस पाणी मारायचं. भोकाच्या आतल्या वेड्यावाकड्या दगडांना धरून हे काँक्रीट घट्ट होतं आणि बाहेरची रांग आतल्या रांगेला बांधली जाते. गोधडीला टाके घालतात तसंच हे. गोधडीत वरचं कापड आणि खालचं कापड टाक्यांमुळे एक होतात आणि मधल्या चिंध्या सरकत नाहीत. एक टाका म्हणजे घमेलंभर माल आणि हातभर सळई. नव्या भिंतीत हेच काम लांब दगड घालून फुकट होतं. दगड-मातीच्या बांधकामाचं भारतीय मानक त्याच १९९३ साली निघालं. त्यात उंचीत दर साठ सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त एक मीटर वीस सेंटिमीटरला असा दगड हवा, आणि भिंत पंचेचाळीस सेंटिमीटरहून जाड नको, असं म्हटलं आहे. जाड भिंत म्हणजे पक्की भिंत, या समजाला यात जागाच नाही.

टाक्यांनंतर पट्टा. दाराच्या वरच्या पातळीला किंवा छताखाली, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी तारेच्या जाळीची पट्टी भिंतीला खिळवून त्यावर सिमेंटचा थर द्यायचा. पेटी फुटू नये म्हणून तिला दोरी बांधतो, तसा हा पट्टा चारही कोपऱ्यांना एकत्र धरतो. मग लाकूड. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे दोन्हींना जोडणारा तिरपा लाकडी आधार ठोकायचा. चौकोन रेटला तर कलतो, त्रिकोण कलत नाही, हे सुताराला शिकवावं लागत नाही. आणि शेवटी माळवद. वरची सगळी माती उतरवायची, पाण्यासाठी मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि वीस सेंटिमीटरच माती परत घालायची. मघाच्या खोलीचा हिशेब पुन्हा करू. सात हजार दोनशेच्या जागी दोन हजार आठशे ऐंशी किलो. चार टनांहून जास्त ओझं उतरलं, आणि त्यासाठी लागली ती फक्त मजुरी. गारवाही थोडाच कमी होतो. शिवाय प्लास्टिकमुळे गळती थांबली की दरसाल पाट्या टाकायचं कारणच उरत नाही.

हे सगळं नव्या खोलीच्या खर्चाच्या लहानशा हिश्शात होतं. तरीही बहुसंख्य कुटुंबांनी मिळालेल्या मदतीतून जुनं घर भक्कम करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली. सरकारी पैशाचं काहीतरी डोळ्यांना दिसायला हवं, मुलाचं लग्न व्हायचं आहे, पक्की खोली असली की पाहुणे नाक मुरडत नाहीत. ही कारणं खरी आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय कुठलाही इंजिनिअर गावात टिकणार नाही. भिंतीच्या पोटातले टाके पाहुण्यांना दिसत नाहीत.

या कामात बायकांचा वाटा मोठा होता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. कुणाला कोणता हप्ता मिळाला, सिमेंट कुठे अडलं, गवंडी सांगितल्याप्रमाणे करतो की नाही, हे त्या बघत आणि गावाला समजावून सांगत. घर कुठे गळतं, कुठे तडा गेला आणि चूल कोणत्या भिंतीला आहे, हे त्यांना माहीत असतंच. आजही घरकुलाची पाहणी करताना दारात उभ्या असलेल्या बाईला आधी विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आज खेड्यात घरकुल मंजूर झालं की केंद्राच्या योजनेतून सपाट भागात एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि घर किमान पंचवीस चौरस मीटरचं हवं असतं. या पैशात गावोगाव एकच नमुना उभा राहतो. आधी चार किंवा सहा पिलर, मग मध्ये विटा, वर स्लॅब. पिलर दिसले की घर पक्कं, असा समज झाला आहे. पण हे पिलर बारीक असतात, त्यांतल्या कड्या विरळ आणि अर्धवट वळवलेल्या असतात, काँक्रीट हाताने कालवून पाणी जास्त घातलेलं असतं, आणि मागाहून भरलेली वीटभिंत त्यांना धरूनही नसते. याच मालात दुसरी रीत बसते. आधी भिंत रचायची, तिच्या कडेला दातेरी खाचा ठेवायच्या आणि मग त्या खाचांत कोपऱ्याचे लहान खांब ओतायचे, वर पट्टा फिरवायचा. काँक्रीट विटांच्या दातांत शिरतं आणि भिंत आणि खांब मिळून रेटा घेतात. मेक्सिको आणि चिलीसारख्या भूकंपाच्या देशांत ही रीत नेहमीची आहे. आपल्याकडे गांधीनगरच्या आयआयटीने आपल्या आवारातल्या काही इमारती अशाच बांधल्या. सळई कमी लागते आणि गवंड्याचं कसब तेच पुरतं. त्याला फक्त कामाचा क्रम बदलावा लागतो.

पण ज्याच्याकडे जुनं माळवद उभं आहे, त्याने ते पाडायची घाई करू नये. आधी भिंतीच्या कडेला उभं राहून तिच्या लांबीकडे एका डोळ्याने पाहावं, पोट सुटलं आहे का ते कळतं. कोपऱ्यातली उभी भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर भिंती सुटू लागल्या आहेत. तुळई भिंतीत खोचलेली असेल तर तिच्याखाली खांब द्यावा. आतल्या भरावात पोकळी झाली असेल तर टिचकीला भिंतीचा आवाज बदलतो, जुन्या गवंड्याला तो ओळखता येतो. हे पाहून झालं की फाल्गुन-चैत्रात, लाकूड कोरडं असताना आणि शेतात काम कमी असताना, टाके घालावेत, पट्टा फिरवावा, तिरपे आधार ठोकावेत आणि माती उतरवावी.

उतरवलेली माती वाया जात नाही. जुन्या पांढरीची माती पिकाला मानवते, हे शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. टेकाडाची माती गाड्या भरभरून रानात नेऊन पसरायची चाल त्यातूनच पडली. एका खोलीची जास्तीची माती म्हणजे दोन ट्रॉल्या होतील. त्या पांढरीतून काळीत न्याव्यात आणि मिरगाच्या आधी पसरून टाकाव्यात.